अजनीपर्यंत वंदे भारत, महालापर्यंत काय?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरातील अजनी आणि इतवारी या दोन रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात. नव्या इमारतीचे संकल्पचित्र, सरकते जिने, वाहनतळाची क्षमता, निधीचा आकडा असा तपशील त्यांत असतो आणि तो वाचून समाधानही वाटते. मात्र गाडीतून उतरलेला माणूस स्थानकाच्या फाटकाबाहेर आल्यानंतर जुन्या शहरात, म्हणजे महाल, शुक्रवारी, बुधवारी, इतवारी या भागांत कसा पोहोचणार, याविषयी त्यांत सहसा एक ओळही नसते. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

नागपूरच्या मुख्य स्थानकावर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही मार्गांचा भार पडतो. त्यामुळे काही गाड्या तेथून न सोडता अजनी आणि इतवारी येथून सोडाव्यात, हे रेल्वेचे धोरण समजण्यासारखे आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. पुण्याहून सकाळी निघालेली ही गाडी सुमारे ८८० किलोमीटरचे अंतर बारा तासांत कापून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अजनीला येते. अजनीपासून महालाचे प्रवेशद्वार असलेले गांधी गेट फार तर साडेतीन-चार किलोमीटर. या गाडीने येणाऱ्या माझ्या नातलगांना घ्यायला मी स्थानकावर जातो, तेव्हा या चार किलोमीटरांची काय कथा होते ते दर वेळी पाहायला मिळते.

गाडी रिकामी झाली की बाहेर एकच गलका होतो. मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर अशा हाका ऐकू येतात आणि त्या बाजूला जाणारे प्रवासी पाच-दहा मिनिटांत मार्गस्थ होतात. महाल म्हटले की ऑटोचालकाचा चेहरा बदलतो. "महालात गाडी फसते काका, टिळक पुतळ्यापर्यंत सोडतो," हे उत्तर मी एकापेक्षा अधिक चालकांकडून ऐकले आहे. टिळक पुतळ्यापासून पुढे महालातल्या बडकस चौकापर्यंत सामान हातात घेऊन आणि दुचाक्यांना चुकवत चालायचे, किंवा चालक सांगेल ती रक्कम कबूल करायची, एवढेच दोन पर्याय उरतात. मीटरचा विषय काढण्यात अर्थ नसतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. ॲपवरून टॅक्सी बोलवावी तर चालक फोन करून आधी पत्ता विचारतो आणि पत्ता ऐकल्यानंतर फेरी रद्द झाल्याचा संदेश येतो. या चालकांना मी दोष देणार नाही. संध्याकाळी सात वाजता केळीबाग रस्त्यावर वाहन घालणे म्हणजे अर्धा तास अडकून पडणे, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना कोणी देत नाही. प्रश्न असा आहे की, खासगी वाहनाने जिथे जाणे परवडत नाही, तिथे सार्वजनिक वाहनाने जाण्याची सोय तरी असावी की नाही. गाडीच्या वेळेशी जुळवून घेतलेली आणि थेट महालात जाणारी बस मला तरी अजनी स्थानकाबाहेर कधी उभी दिसलेली नाही.

मेट्रो आहे की, असे कोणी म्हणेल. मेट्रो आहे आणि चांगली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उर्वरित मार्ग सुरू झाले आणि खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक व लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या, तेव्हापासून मी तिचा नेमाने वापर करतो. परंतु अजनी रेल्वे स्थानकावर उतरलेल्या परगावच्या माणसाला ती कशी सापडते, याचा विचार व्हायला हवा. मेट्रोच्या नकाशात तो साहजिकच अजनी हे नाव शोधतो आणि त्याला 'अजनी चौक' सापडते. ते स्थानक वर्धा रोडवर, रेल्वे स्थानकापासून बरेच दूर आहे. जवळचे मेट्रो स्थानक आहे काँग्रेसनगरचे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळले तरी तिथपर्यंतचा रस्ता चाकांची बॅग ओढत जाण्याजोगा नाही. कुठे फुटपाथ संपतो, कुठे त्यावर दुचाक्या उभ्या असतात, कुठे बांधकामाचे पत्रे आडवे येतात. पावसाळ्यात तर विचारूच नका.

तरीही एखादा नेटाने काँग्रेसनगरला पोहोचला, तर पुढचे स्थानक सीताबर्डी. तेथे गाडी बदलून ॲक्वा (लोकमान्यनगर-प्रजापतीनगर) मार्गिकेवर कॉटन मार्केट, नागपूर रेल्वे स्थानक, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक आणि मग चितार ओळ. येथे उतरले की आपण खऱ्या अर्थाने जुन्या नागपूरच्या मध्यावर असतो. सेंट्रल अव्हेन्यूच्या उत्तरेला इतवारी आणि दक्षिणेला महाल. पण असतो तो खांबांवरच्या फलाटावर. खाली उतरून बडकस चौक गाठायला पुन्हा पायपीट आलीच. तरण्याताठ्या, पाठीवर एकच सॅक असलेल्या मुलाला हे सारे सहज जमेल, आणि त्याने ते जरूर करावे. परंतु महालातील घरे ही बहुतांश म्हाताऱ्या आई-वडिलांची घरे आहेत, मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि येणे-जाणे होते ते सणावाराला, लेकराबाळांसह आणि सामानासह. शिवाय मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तर तीही वाट बंद होते.

या अडचणीचे मूळ शहराच्या घडणीत आहे. बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये वसवलेले आणि पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केलेले नागपूर म्हणजे आजचा महाल, शुक्रवारी, बुधवारी, इतवारी हा परिसर. १८६७ मध्ये आगगाडी आली ती या वस्तीच्या पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकडीजवळ. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल त्याच बाजूला उभी राहिली, कापसाचा बाजार तिथे वाढला आणि बर्डी हे शहराचे नाके होऊन बसले. तेव्हापासून शहरातील प्रत्येक वाहतूक व्यवस्था बर्डीकडे तोंड करून उभी आहे. शहर बस बर्डीच्या मोरभवनातून सुटते, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला भेटतात. त्यामुळे अजनीहून महालात जायचे असो की इतवारी स्थानकावरून, सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्याला आधी बर्डीला हजेरी लावावी लागते, मग भले त्याचे ठिकाण नेमके उलट्या दिशेला असो.

इतवारी स्थानकाची गोष्ट याहून विचित्र आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आता या स्थानकाला दिले गेले आहे. बोलण्यात मात्र ते इतवारीच राहिले आहे. २२ मे २०२५ रोजी देशातील ज्या १०३ अमृत भारत स्थानकांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्यांत त्याचा समावेश होता. छत्तीसगडकडून, गोंदियाकडून, छिंदवाड्याकडून येणाऱ्या काही गाड्या येथेच संपतात. स्थानकाला बाजाराचे नाव आहे, पण बाजार दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि मेट्रोही साधारण तितक्याच अंतरावर, सेंट्रल अव्हेन्यूवर आहे. सावनेर, कामठी, तुमसर या बाजूंहून लग्नाचा बस्ता बांधायला किंवा सराफ्यात दागिना करायला येणारी कुटुंबे सकाळी इतवारीला उतरतात आणि एका ई-रिक्षात सहा-सात जण कोंबून मस्कासाथमार्गे इतवारी बाजारातील शहीद चौकाकडे जातात. घाऊक धान्य आणि भाजीपाला कळमन्याला गेला, तरी कापड, सोने, भांडी आणि पूजेचे साहित्य यांसाठी पूर्व विदर्भ आणि सीमेपलीकडचा मध्य प्रदेश आजही इतवारीलाच येतो. नागभीड मार्गाचे ब्रॉडगेजचे काम पूर्ण होऊन गाड्या पूर्वीसारख्या धावू लागतील, तेव्हा पूर्वी छोट्या लाईनने येणारे उमरेड-भिवापूरचे प्रवासीही याच फाटकातून बाहेर पडतील. त्यांच्यासाठी आजपासून काही ठरले असेल तर ते जाहीर व्हावे.

माझी सूचना साधी आहे. अजनी आणि इतवारी ही दोन स्थानके जुन्या शहरातून जाणाऱ्या एकाच छोट्या बसमार्गाने जोडावीत. अजनी स्थानकाच्या पूर्व बाजूने निघून मेडिकल चौक, बैद्यनाथ चौक, गणेशपेठचे एसटी स्थानक, गांधीसागर, टिळक पुतळा, गांधी गेट, बडकस चौक, तेथून सेंट्रल अव्हेन्यू ओलांडून शहीद चौक, मस्कासाथ आणि इतवारी स्थानक असा हा मार्ग असू शकेल. यात बर्डी कुठेही नाही, आणि हेच या मार्गाचे वैशिष्ट्य आहे. दोन रेल्वे स्थानके, एसटीचे मुख्य स्थानक, चितार ओळीजवळ मेट्रो आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही सर्व एका तिकिटात जोडली जातील. 'मेडिकल'मध्ये खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना किमान एसटी स्थानकापर्यंत सुखाने जाता येईल, हा फायदा मी मोजलेला नव्हता. एका परिचित परिचारिकेने तो लक्षात आणून दिला.

बस मोठी नको. महालाच्या रस्त्यांवर बारा मीटरची बस घालणे म्हणजे चालकाला शिक्षा आणि दुकानदारांना मनस्ताप. महिलांसाठी महापालिकेने 'तेजस्विनी' या नावाने ज्या मिडी इलेक्ट्रिक बस आणल्या, तेवढ्या आकाराचे वाहन या कामाला पुरेसे आहे. ते वळणावर अडत नाही, धूर सोडत नाही आणि त्याची उंचीही जुन्या वाड्यांच्या सज्जांना झेपेल इतकीच असते. जिथे एवढेही वाहन नेणे शक्य नाही, तिथे चितार ओळ मेट्रो स्थानक ते बडकस चौक अशी ठरावीक दराची शेअर ई-रिक्षा चालू शकेल. तिचा थांबा आणि दर फलकावर मराठी-हिंदीत स्पष्ट लिहिलेले असावेत, एवढेच पाहायचे.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला असा की, ऑटोचालकांच्या पोटावर पाय येईल. ज्या भाड्याला ते स्वतःच नाही म्हणतात, ते भाडे बसने नेले तर त्यांचे नुकसान कसे होते, हे मला उमगलेले नाही. उलट टिळक पुतळा आणि शहीद चौक येथे बसमधून उतरणाऱ्या प्रवाशांची जवळची भाडी त्यांना मिळतील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महालात कोणतेही वाहन वेळेवर चालूच शकत नाही, असे वाहतुकीची जाण असलेली माणसे म्हणतात, आणि सणासुदीच्या दिवसांत ते खरेही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, तेव्हा इतवारी-महालातील वाहतूक थांबणारच. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते आहे, तिच्यापुढे बसचे वेळापत्रक काय टिकणार! गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस मूर्तिकारांच्या चितार ओळीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांपुरता मार्ग गांधीसागरापाशीच थांबवावा. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांतील कोंडी देवाने दिलेली नाही. ती दुतर्फा उभ्या राहणाऱ्या चारचाकींमुळे होते, आणि गांधी गेट ते बडकस चौक या पट्ट्यात एका बाजूचे पार्किंग संध्याकाळी तीन तास बंद ठेवले तरी मिडी बस निघून जाईल. महालातील रस्त्याच्या रुंदीकरणासाठी ज्यांची घरे आणि दुकाने गेली, त्यांनी ती रस्त्यासाठी दिली होती, मोटारी उभ्या करण्यासाठी नव्हे. हे जरा कडवट वाटेल, पण त्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या मनात हेच आहे.

जुन्या शहराकडे पाहुण्यांनी यावे असे आपण म्हणतो, त्याच्याशीही या विषयाचा संबंध आहे. रघुजीराजांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवून मुंबईत आणली, तेव्हा भोसल्यांच्या नागपूरविषयी राज्यभर कुतूहल निर्माण झाले. त्या कुतूहलापोटी कोणी पुण्याहून निघाला, तर तो अजनीलाच उतरणार. त्याला भोसल्यांचा वाडा, गांधी गेट, कल्याणेश्वराचे मंदिर, शुक्रवारी तलाव म्हणजेच गांधीसागर हे सारे पाहायचे आहे आणि ही सारी ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अवघड आहे ते फक्त तिथपर्यंत जाणे. अजनी स्थानकाबाहेर या परिसराचा साधा दिशादर्शक नकाशाही मला आढळला नाही.

हे जमण्यासारखे नाही, असे कोणी म्हणू नये. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो अनुयायी नागपुरात येतात. त्या काळात अजनीला विशेष गाड्या लागतात, स्थानकाबाहेर मदत केंद्रे आणि पाण्याची सोय होते, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले जातात आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसपर्यंत शहर बसच्या जादा फेऱ्या सुटतात. रेल्वे, महापालिका, पोलीस आणि स्वयंसेवक हे सर्व तेव्हा एकाच वेळापत्रकाने चालतात. त्याच यंत्रणेकडे मी संध्याकाळच्या एका गाडीसाठी एक बस मागतो आहे.

अडचण कुठे आहे, तर जबाबदारीच्या वाटणीत. अजनी मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात येते आणि इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात. मंडळांची नावे एकच, शहर एकच, पण एकाचे मुख्यालय मुंबईला आणि दुसऱ्याचे बिलासपूरला. स्थानकाच्या फाटकाबाहेरचा रस्ता त्या दोघांचाही नाही. बस महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची, ऑटोंचे दर ठरवणारे प्राधिकरण परिवहन खात्याचे आणि पार्किंगवर कारवाई करणारे वाहतूक पोलीस. या प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरी प्रवासी फाटकाबाहेर उभाच राहतो, कारण फाटकापासून घरापर्यंतचा प्रवास हे यांपैकी कोणाचेच काम नाही. म्हणून या सर्वांची एक संयुक्त बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा विभागीय आयुक्तांनी बोलवावी आणि तिचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे.

ही बैठक आताच होणे आवश्यक आहे. अजनीच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या पुनर्विकासाची कोनशिला, नागपूर मुख्य स्थानकाच्या ५९० कोटींच्या कामासोबत, ११ डिसेंबर २०२२ रोजी बसवली गेली. त्याच दिवशी मेट्रोचा पहिला टप्पाही पूर्ण झाला, हा योगायोग रेल्वे आणि मेट्रो यांना पादचाऱ्यांसाठी जोडण्याच्या दृष्टीने शुभ मानायला हरकत नव्हती. इमारतीचे काम पूर्ण झाल्यावर बसला उभे राहायला जागा शोधायची, म्हणजे वरातीमागून घोडे. पूर्वेकडील आवारात दोन मिडी बस उभ्या राहतील एवढी जागा, काँग्रेसनगर मेट्रोपर्यंत छप्पर असलेली सलग पायवाट आणि वळणांवर 'मेट्रोकडे' असे लिहिलेले बाण, या तीन गोष्टी नकाशात आज दाखल झाल्या तर त्यांचा खर्च मूळ कामात सामावून जाईल. उद्या त्यांच्यासाठी वेगळी निविदा काढावी लागेल.

बस सुरू करायचीच झाली तर पहिल्या सहा महिन्यांसाठी संध्याकाळची वंदे भारत आणि इतवारीला सकाळी येणाऱ्या गाड्या एवढ्याच वेळा धराव्यात, म्हणजे प्रवासी किती मिळतात ते पाहता येईल. मात्र एक अट कृपया त्यात लिहावी: गाडीला उशीर झाला तर बसने तिच्यासाठी थांबावे. गाडी यायच्या दहा मिनिटे आधी रिकामी निघून गेलेली बस 'प्रतिसाद नाही' या शेऱ्यासह बंद करण्यात आली, असे होऊ नये.

आपला नम्र,
महालातील एक ज्येष्ठ वाचक,
नागपूर